देशावरून दर्यावर : क्रूझमधील केबिन आणि जहाजावरचे दिवस

महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते, तेव्हा अरबी समुद्र तिच्यापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर असतो. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली असा मार्ग धरून सुमारे चौदाशे किलोमीटरची वाटचाल करीत बंगालच्या उपसागराला मिळते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील माणसाचे समुद्राशी असलेले नातेही काहीसे असेच राहिले आहे. सह्याद्रीच्या पलीकडे दर्या आहे हे ठाऊक. पण त्यावर रात्र काढण्याचा प्रसंग फार थोड्यांना आला. संगमावरची नाव, कोयनेच्या शिवसागर जलाशयातील लाँच आणि महापुरातील बचावाची बोट एवढाच बहुतेकांचा जलप्रवास.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांमुळे हे चित्र बदलू लागले. निवृत्तीनंतरची सहल, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस किंवा मुलांच्या सुटीच्या निमित्ताने मिरज, सांगली, कऱ्हाड, साताऱ्याची कुटुंबेही आता गोवा, लक्षद्वीपच्या जलसफरीचा विचार करतात. बऱ्याच घरांत हा खर्च आयुष्यात एकदाच व्हायचा असतो. जाहिरातीत प्रशस्त गच्ची आणि निळे पाणी दिसते. प्रत्यक्षात दार उघडल्यावर समोर येते ती दीडशे चौरस फुटांच्या आसपासची बिनखिडकीची खोली. अपेक्षाभंगाचे मूळ बहुधा येथेच असते. केबिन म्हणजे नेमके काय, ती कशी निवडावी आणि जहाजावरचे दिवस कसे जातात, याची माहिती आधी असेल तर हा खर्च सार्थकी लागू शकतो.

पथारीपासून केबिनपर्यंत

रेल्वे येण्यापूर्वी साताऱ्याच्या दक्षिण भागाचा समुद्राशी व्यापारी संबंध होता. कऱ्हाडकडील माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरत असे आणि वाशिष्ठीच्या खाडीतून गलबतांनी मुंबईला जात असे. त्याआधी मराठ्यांच्या आरमाराचा सेनानी कान्होजी आंग्रे याचे सरखेलपद १७१४ च्या तहाने कायम झाले, ते साताऱ्याच्या गादीवरील शाहू छत्रपतींच्या वतीने. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी जहाजाने विलायतेला गेले आणि अनेक वर्षे लंडनमध्ये राहिले. परंतु ही उदाहरणे अपवादाची. सामान्य माणसाच्या वाट्याला सागरी प्रवास आला तो कोकण किनाऱ्याच्या आगबोटींतून.

मुंबई ते पणजी या मार्गावर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे अनेक जुन्या प्रवाशांच्या आठवणीत आहेत. या बोटींवर केबिन होत्या, पण मोजक्या. बहुसंख्य प्रवासी डेकवर पथारी टाकीत, घरून आणलेली दशमी-चटणी खात आणि मिळेल त्या वाऱ्यावर रात्र काढीत. वाटेतील अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर पडे आणि पडावांतून माणसे, बोचकी, कोंबड्या खालीवर होत. रस्ते आणि एस.टी. यांचा विस्तार झाला तशी ही सेवा ओसरली. १९९० च्या दशकात काही काळ वेगवान कॅटमरानही या मार्गावर धावली.

सहलीसाठी म्हणून जहाज, ही कल्पना मुंबईत रुजली ती त्यानंतर. २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ या जहाजाने मुंबईला तळ केला. डिसेंबर २०१६ पासून ‘कोस्टा निओक्लासिका’ने मुंबई-मालदीव फेऱ्या सुरू केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले. मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यात पोहोचणाऱ्या या जहाजावर सामाईक शयनकक्षापासून स्वतंत्र खोल्यांपर्यंत सोयी होत्या. २०२० च्या टाळेबंदीत ती फेरी थांबली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुटू लागले. फ्रान्समधील सेंट नाझेअर येथे बांधलेले हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आले, तेच मुळी तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. त्याची लांबी २१० मीटरच्या घरात असून त्यावर सुमारे ८०० केबिन आहेत. एखाद्या मध्यम गावाची वस्ती एकाच जहाजावर नांदते, असे म्हणता येईल.

जुन्या आगबोटीत केबिन हा थोड्यांचा मान होता. क्रूझवर प्रत्येक प्रवाशाला केबिन असते आणि भाड्याचा दर ठरतो तो मुख्यतः केबिनवरूनच.

केबिनचे चार प्रकार

जहाजाच्या पोटातील, खिडकी नसलेली खोली म्हणजे ‘इंटिरिअर’ किंवा आतील केबिन. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर भरणारी. दिवा मालवला की येथे दिवसाही गडद अंधार असतो. गाढ झोप हवी असणाऱ्यास तो सुखाचा वाटतो, तर कोंडल्यासारखे होणाऱ्यास नकोसा. पहाट झाल्याचे कळत नाही, म्हणून गजर लावून झोपावे लागते.

दुसरा प्रकार ‘ओशन व्ह्यू’. येथे काचेची खिडकी असते, पण ती उघडत नाही. खालच्या मजल्यांवर ती वाटोळी आणि लहान, तर वरच्या मजल्यांवर मोठी व चौकोनी असते. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात आणि समुद्राऐवजी होडीची पाठ दिसते. अशा केबिनचे भाडे कमी असू शकते. आरक्षणाच्या वेळी ‘दृश्यास अडथळा’ असा शेरा आहे काय, हे विचारून घ्यावे.

तिसरा प्रकार सज्जा असलेल्या केबिनचा. दोन खुर्च्या मावतील एवढ्या सज्जात बसून मावळतीचा सूर्य पाहण्याचे सुख मोठे असते. भाडेही तसेच असते. जुन्या बांधणीच्या जहाजांवर अशा केबिन थोड्या असतात. चौथा प्रकार ‘स्वीट’. त्यात बैठकीची जागा वेगळी असते आणि काही जास्तीच्या सेवा मिळतात.

एका रात्रीच्या किंवा दोन रात्रींच्या सफरीत प्रवासी केबिनमध्ये झोपण्यापुरताच असतो. जेवणे, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, डेकवरील फेरफटका यांतच दिवस सरतो. त्यामुळे छोट्या सफरीला आतील केबिन घेऊन वाचलेल्या पैशांत एक रात्र वाढवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. सफर चार-पाच रात्रींची असेल, बरोबर वृद्ध माणसे किंवा तान्हे मूल असेल आणि दुपारचा बराच वेळ खोलीत जाणार असेल, तर खिडकीचे पैसे वसूल होतात.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची

नवखा प्रवासी केबिनचा प्रकार पाहतो, तर जाणता प्रवासी तिची जागा. जहाज डोलते तेव्हा त्याची हालचाल दोन्ही टोकांना आणि वरच्या मजल्यांवर अधिक जाणवते. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर ती सर्वांत कमी असते. एस.टी.त मागच्या बाकावर बसून खड्ड्यांचा अनुभव घेतलेल्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी उंचावरच्या महागड्या केबिनचा मोह टाळून मध्यावरील खालची केबिन मागावी.

आवाजाचाही विचार हवा. नाचगाण्याच्या सभागृहाच्या वर किंवा खाली असलेल्या खोलीत मध्यरात्र उलटेपर्यंत ठेका ऐकू येतो. तलावाच्या डेकखालील खोलीत पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. अगदी पुढच्या भागात नांगराच्या साखळीचा खडखडाट, तर मागच्या भागात यंत्रांची थरथर जाणवते. ज्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत, ती शांत. जहाजाचा मजलावार नकाशा कंपनीकडे असतो. तो पाहूनच क्रमांक निश्चित करावा. केबिनच्या क्रमांकाचा आरंभीचा अंक बहुधा मजल्याचा असतो.

दिशेचे गणितही सोपे आहे. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाजाच्या डाव्या अंगाला किनारा आणि उजव्या अंगाला खुला समुद्र असतो. मावळता सूर्य हवा असेल तर जाताना उजवी बाजू. परतीच्या वाटेवर हे उलटते.

दार उघडल्यानंतर

सातारा-सांगलीच्या प्रवाशाची सफर खरे तर रेल्वेतच सुरू होते. कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा घेत रात्रभर धावते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तेथून इंदिरा गोदीतील क्रूझ टर्मिनल टॅक्सीने जवळ आहे. जहाज सायंकाळी सुटत असले, तरी प्रवेशाची वेळ काही तास आधीच संपते. घाटात वाहतूक अडली किंवा गाडी उशिरा आली, तर जहाज थांबत नाही. त्याच दिवशी मोटारीने निघण्यापेक्षा आदल्या रात्रीची गाडी किंवा मुंबईत एक मुक्काम केव्हाही बरा. मुंबईत एकाहून अधिक धक्के असल्याने तिकिटावरील धक्क्याचे नावही नीट वाचावे.

धक्क्यावर ओळखपत्र तपासून प्रत्येकाला एक कार्ड दिले जाते. तेच केबिनची किल्ली, तेच जहाजावरील खात्याचे साधन आणि तेच चढण्या-उतरण्याचा परवाना. मोठे सामान पट्टी लावून धक्क्यावरच सोपवावे लागते. ते केबिनच्या दाराशी यायला दोन-तीन तास लागतात. त्यामुळे औषधे, चष्मा, मुलांचे कपडे आणि कागदपत्रे हातातील पिशवीत असावीत.

केबिनमध्ये पाऊल टाकताच प्रथम जाणवतो तो तिचा नेटकेपणा. पलंगाखाली बॅगा सरकवण्याची जागा, भिंतीत बसवलेले कपाट, आरशाखाली मेज. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी भिंतीतून किंवा छतातून उघडणारी शय्या असते. रेल्वेच्या वरच्या बर्थची आठवण करून देणारी ही शय्या मुलांना फार आवडते. सत्तरीच्या आजोबांना मात्र तिची शिडी जड जाते. चौघांच्या कुटुंबाने याचा विचार आधी करावा. आजी-आजोबांसाठी शेजारची वेगळी केबिन शक्य नसेल, तर निदान खालचे दोन पलंग त्यांचे, हे घरीच ठरलेले बरे.

न्हाणीघर एका माणसापुरते असते. त्याच्या दाराशी उंचवटा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेल्या या उंबऱ्याला पहिल्या रात्री बरेच जण ठेचकाळतात. शौचालयात पाण्याऐवजी हवेच्या दाबाने घाण खेचली जाते. त्याचा मोठा आवाज ऐकून लहान मुले दचकतात. त्यात कागद, कापड काही टाकल्यास आसपासच्या खोल्यांचीही यंत्रणा तुंबते. नळाला येणारे पाणी धक्क्यावर भरून घेतलेले किंवा समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले असते. त्याची चणचण नसली, तरी ते उधळण्याजोगेही नसते.

दिवसातून दोनदा खोली आवरणारा सेवक येतो. प्रवाशांसाठी सुटी असलेले हे दिवस त्याच्यासाठी लांबलचक कामाचे असतात. असे कर्मचारी महिनोन्महिने घरापासून दूर राहतात आणि त्यांच्या राहण्याच्या खोल्या जहाजाच्या अगदी खालच्या भागात असतात. मराठीत दोन शब्द बोलणारा एखादा कर्मचारी भेटला, की सफरीला घरपण येते.

जेवण, करमणूक आणि मोबाइलचे मौन

जहाजावरील जेवणाची धास्ती शाकाहारी घरांना असते. भारतीय प्रवाशांसाठी चालणाऱ्या सफरींत शाकाहारी पदार्थ भरपूर असतात, जैन भोजनाचीही सोय केली जाते. पथ्याचे किंवा उपवासाचे खाणे हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे. भाकरी, पिठले, भडंग यांची अपेक्षा ठेवू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यावर सहसा बंदी असते. सुक्या खाऊविषयी कंपनीचा नियम विचारून घ्यावा.

भाड्यात ठरावीक भोजनगृहांतील जेवण आणि बहुतेक कार्यक्रम येतात. मद्य, खास भोजनगृहे, मसाज, इंटरनेट आणि गोव्यातील स्थलदर्शन यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख रक्कम फिरत नाही, कार्ड दाखवले की काम होते. म्हणूनच हिशेब हाताबाहेर जाण्याचा धोका अधिक. दररोज रात्री खात्याची नोंद पाहण्याची सवय चांगली.

किनारा दूर गेला, की मोबाइल मुका होतो. जहाजाच्या यंत्रणेवरून होणारे रोमिंग अतिशय महाग पडू शकते. निघताना फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकावा आणि उद्या फोन लागणार नाही, असे घरी सांगून ठेवावे. या एका निरोपाअभावी सांगली-साताऱ्यात रात्रभर घोर लागू शकतो.

बोट लागली तर

कोयनेच्या लाँचमधून बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याशी जाऊन आलेले अनेक जण, आपल्याला बोट लागत नाही, अशा समजुतीत असतात. जलाशयाला समुद्रासारखी लांब लाट नसते. त्यामुळे तो दाखला येथे चालत नाही. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, पण कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल नोंदवते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. त्यांच्यामुळे आडवे डोलणे बरेच कमी होते. पुढे-मागे होणारी हालचाल राहतेच.

त्रास होऊ लागल्यास बंद खोलीत पडून मोबाइल पाहू नये. मध्यभागातील उघड्या डेकवर जाऊन क्षितिजावर नजर ठेवावी. रिकाम्यापोटी राहू नये, तेलकटही खाऊ नये. आल्याचा तुकडा चघळल्याने अनेकांना बरे वाटते. यावरील गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतली तर अधिक उपयोगी पडते. ती आपल्या डॉक्टरांना विचारून न्यावी. मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी नेहमीच्या औषधांचा दोन दिवसांचा जादा साठा ठेवावा. जहाजावर डॉक्टर असतो, पण शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय नसते. गरोदरपणाचे महिने पुढे गेलेल्या महिला आणि अगदी तान्ही मुले यांना प्रवेशाबाबत मर्यादा असतात. ऑक्टोबर ते मे हा मुंबईहून होणाऱ्या सफरींचा सर्वसाधारण हंगाम. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो.

सात छोटे भोंगे, एक लांब

सफरीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित कार्यक्रम म्हणजे सुरक्षेची कवायत. केबिनच्या दारामागे एक नकाशा असतो आणि त्यावर जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, की लिफ्ट न वापरता तेथे पोहोचायचे असते.

या नियमामागे किंमत मोजलेली आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीतील जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच सायंकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तेव्हा व्हायचीच होती. २०१५ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. मुंबईजवळच्या समुद्राचा अनुभवही कटू आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले.

सांगलीकरांना तर यासाठी इतक्या मागे जाण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा अधिक माणसे त्या बोटीत होती. त्यात अनेकांचे प्राण गेले. स्त्रिया आणि मुलेही त्यात होती. लाइफ जॅकेट ही अडगळीची वस्तू नव्हे, हे कृष्णाकाठ विसरणार नाही. केबिनमध्ये शिरताच कपाटात माणशी एक जॅकेट आहे काय आणि मुलांच्या मापाचे मिळाले काय, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. नसल्यास सेवकाला तत्काळ सांगावे. मग जमण्याच्या ठिकाणापर्यंत सहकुटुंब एकदा पायी चालून यावे.

आरक्षणापूर्वी

भाड्याचा जाहिरातीतील आकडा बहुधा दोघांनी एक केबिन घेतल्यास माणशी येणारा असतो. त्यात बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क मिळवून एकूण रक्कम लेखी घ्यावी. एकट्या प्रवाशाला दुसऱ्याच्या भाड्याचाही मोठा भाग सोसावा लागतो. तारीख बदलल्यास किंवा सफर रद्द केल्यास किती पैसे कापले जातात, हवामानामुळे बंदर वगळले गेल्यास काय मिळते, हे विचारावे. ‘केबिन क्रमांक नंतर मिळेल’ अशा अटीवरील स्वस्त तिकिटात जागेची निवड प्रवाशाच्या हाती नसते. वृद्ध माणसे बरोबर असतील, तर ही बचत टाळलेलीच बरी.

मुंबईहून दक्षिणेला निघालेले जहाज रात्री दाभोळच्या समोरून कुठेतरी पुढे जाते. डाव्या अंगाच्या खिडकीतून बहुधा अंधारच दिसतो. पण त्याच दिशेला वाशिष्ठीचे मुख आहे आणि वाशिष्ठीत पोफळीच्या वीजगृहातून उतरलेले कोयनेचे पाणी आहे. कृष्णेने समुद्राकडे पाठ फिरवली, तरी साताऱ्याचे हे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यातून केव्हाच दर्याला मिळाले आहे. त्याच्यामागून उशिरा निघालेल्या सातारा-सांगलीच्या प्रवाशाला, खोलीची खिडकी केवढी होती याहून, घरच्या सगळ्यांना त्या रात्री शांत झोप लागली की नाही, हेच पुढे आठवत राहील.